खऱ्या माराची नोंद होणेबाबत

प्रति,
मा. ठाणे प्रमुख,
पोलीस ठाणे, बाजार विभाग.

विषय : माझ्या धाकट्या भावास झालेली मारहाण ही नाटक नसून मारहाणच होती, असे धरून गुन्हा नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ : १) कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा. मोजणे सोडून दिले आहे.
२) माझे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या कार्यालयात ‘करमणूक’ असा शेरा मारून ठेवले आहेत.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविते की, मी आपल्या हद्दीत राहणारी असून माझे यजमान शिंपी आहेत. दुकानाच्या मागच्या खोलीतून आम्ही तिघे, म्हणजे यजमान, मी आणि माझा धाकटा भाऊ, दर आठवड्याला लोकांना हसवण्याचा एक छोटा कार्यक्रम फोनवरून थेट दाखवीत होतो. यजमान फोन सांभाळीत, भाऊ मार खाई आणि मी माराचा आवाज काढी. भावाला लहानपणापासून सगळे चेंडू म्हणतात, कारण तो कसाही आपटला तरी उठतो. यापुढे अर्जात त्याचा उल्लेख तसाच करते. त्याच्या खऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारली तर दुसऱ्या कोणाला मारली असेल म्हणून तो स्वतःही मागे वळून बघतो.

२. एका मोठ्या कंपनीची कपडे धुण्याची पावडर आहे. कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. मागच्या अर्जात लिहिले होते, तर नाव विनापरवाना वापरल्याबद्दल मला वेगळी नोटीस आली. अर्ज मी आपल्या टेबलावर बंद पाकिटात ठेवला होता. तो कंपनीच्या वकिलांना कसा वाचता आला, हे विचारण्याचे धाडस मी करीत नाही, कारण विषय वेगळा होईल.

त्या पावडरीच्या पुड्यावर एक निळा पाणघोडा आहे. जाहिरातीत तो घरात येतो, पोट हलवून हसतो आणि डाग पळून जातात. यजमानांकडे त्या पावडरीत धुतलेले कपडे रफूला येऊ लागले. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उचलली तर बाही हातात आली आणि बाहीवरचा डाग जागच्या जागी. चेंडू तेव्हा दुकानातच होता. हसून हसून खाली बसला. म्हणाला, “भावोजी, मला एक पाणघोडा शिवा.” यजमानांनी गादीच्या स्पंजाचे सोंग शिवले, वरून निळे कापड. आमचा पाणघोडा दारात येई, डागाशी हात मिळवी, सदरा खाऊन टाकी, आणि मग घरची बाई त्याला बदडून काढी. बाई व्हायला यजमान डोक्याला फडके बांधत आणि फोन शिलाईच्या यंत्रावर टेकवून ठेवत. एवढाच आमचा गुन्हा. यात कोणाचे घर बुडावे असे काही नव्हते, आणि कंपनी इतकी मोठी आहे की तिला आम्ही माशीएवढेसुद्धा दिसायला नको होतो.

३. पुढचे सर्व समजण्यासाठी आमच्या कामाची पद्धत आपणास माहीत असणे जरुरीचे आहे. नाटकातला मार कोणाच्याही अंगाला लागत नाही. मारणारा हात जवळून नेतो, खाणारा स्वतःला फेकतो, आणि आवाज तिसराच माणूस काढतो. तो तिसरा माणूस मी. मी टेबलाखाली बसते. थपडेसाठी चपलेचे दोन जुने तळवे एकमेकांवर मारते, पाठीतल्या दणक्यासाठी ओला पंचा फळीवर आपटते, आणि हाड मोडायचे असेल तर गाजर मोडते. टेबलावरचे कापड जमिनीच्या वीतभर वर थांबत असल्याने मला फक्त पाय दिसतात. पायांवरून मला फटका कधी बसणार ते कळते, आणि माझा ठोका चुकत नाही.

आमचे दोन नियम होते. सोंगात शिरलेला माणूस ‘वाचवा’, ‘मेलो’, ‘आई गं’ असे ओरडणारच, ते त्याचे कामच आहे. म्हणून ओरडण्यावरून कोणी थांबायचे नाही. खरोखर लागले किंवा गुदमरले तर चेंडूने उजवा हात डोक्याच्या वर सरळ धरायचा. हात वर गेला की सगळे थांबणार. दुसरा नियम असा, की मारणारे मधेच विसरून थांबले तर मी एक कोरडा ठोका द्यायचा. तो ऐकला की त्यांनी पुढचा फेरा सुरू करायचा. महोदय, हे नियम आम्ही माणसाला इजा होऊ नये म्हणून केले होते.

४. मग नोटिसा सुरू झाल्या. पहिलीत लिहिले होते की पाणघोडा त्यांचा आहे. दुसरीत, की त्याचे हसणेही त्यांचे आहे. तिसरीत असे होते की आमच्या बाईने पाणघोड्यास दिलेल्या प्रत्येक थपडेने कंपनीस ‘गंभीर इजा’ होते. स्पंजाला झालेली इजा वकिलांना खरी वाटते, हे आपण कृपया लक्षात ठेवावे, कारण पुढे उपयोग आहे. नोटिसांची भाषाही अशी की वाचताना मानेवर पाय पडल्यासारखे वाटे. शेवटी शेवटी कागद बंद झाले आणि फोन येऊ लागले. बोलणारा माणूस शांतपणे म्हणे, “कागद कळत नसेल तर काठी कळेल.” यजमान घाबरले. म्हणाले, “बंद करू. आपण शिंपी आहोत, शिवत बसू.” चेंडू म्हणाला, “ते मारणारच म्हणतायत ना? मग आपणच आधी मारून दाखवू की.”

त्याप्रमाणे नवा भाग लिहिला. कंपनीचे तीन गुंड येतात आणि खोट्या पाणघोड्याला तुडवतात. गुंडांच्या कामासाठी दुसऱ्या भागातल्या एका नाटक मंडळीतली तीन माणसे फोनवरून ठरवली. काळे शर्ट घालून या, काळ्या कापडात गुंडाळलेल्या स्पंजाच्या नळ्या आणा, असे त्यांना सांगितले. आम्ही त्यांना पाहिलेले नव्हते. आणि लोकांनी बघावे म्हणून आम्ही आधीच जाहीर केले की अमुक दिवशी, अमुक वाजता, काळे शर्ट घातलेली तीन माणसे काळ्या नळ्या घेऊन येऊन पाणघोड्याला फोडणार आहेत.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. ज्यांना मारायचे होते त्यांना आम्ही दिवस, वेळ, कपडे आणि निमित्त सगळे घरपोच दिले.

५. ठरल्या वेळी शटर अर्धे खाली होते. तिघे वाकून आत आले. यजमान फोनमागून म्हणाले, “या, या, वेळेवर आलात. करा सुरू, थेट चालू आहे.” त्यांच्यातला जाडा हसला. म्हणाला, “करतो ना. त्यासाठीच आलोय.” मी टेबलाखाली सरकले. मला तीन जोड्या बूट आणि चेंडूचे निळे पंजे दिसत होते.

पहिला फटका उजव्या हातावर बसला. माझा ठोका बरोबर पडला. पण त्याच वेळी कडकन आवाज झाला. हाड मोडण्याचा आवाज आमच्या लिखाणात पुढे होता, आणि गाजर माझ्या मांडीवर अखंड होते. त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिते. मला राग आला. वाटले, या मंडळींनी घरून गाजर आणले आणि माझ्या कामात हात घातला.

चेंडू “ताई!” असे ओरडला. लिखाणात ‘ताई’ नव्हते. पण तो ऐनवेळी पदरचे घालतो आणि लोकांना ते आवडते, म्हणून मी पुढचा ठोका अधिक जोरात दिला.

तो हात कोपराखाली मोडला होता. ज्या हाताने थांबवायचे, तोच. नंतर त्याने डावा हात वर केला, असे यजमान सांगतात. आमच्या नियमात डावा हात नव्हता. यजमानांना वाटले तो लोकांना टाटा करतोय.

मग नळ्या पाठीवर, बरगड्यांवर, मांड्यांवर पडत राहिल्या. त्या नळ्या लोखंडाच्या होत्या, पण कापड काळे होते आणि आवाज तर माझाच येत होता. एकाने पोटात लाथ घातली. पाणघोड्याचे पोट मऊ, लाथ घोट्यापर्यंत आत गेली आणि चेंडू शिलाईच्या यंत्राच्या पायडलवर जाऊन आदळला. तिथे दुसऱ्याने त्याच्या मानेवर बूट ठेवला आणि तिसऱ्याने मोडलेला हात धरून उलट्या बाजूला फिरवला. सोंगाच्या डोक्याच्या आतून येणारे ओरडणे बारीक आणि चमत्कारिक वाटते. फोनवर हसऱ्या चेहऱ्यांचा पूर आला होता, असे यजमान सांगतात. यजमान पुटपुटले, “नवीन आहेत, पण जीव ओतून करतायत.” तोंड दाबून बुक्क्यांचा मार हे शब्द मी जन्मभर वापरले, पण ते हाताच्या अंतरावर घडत होते तेव्हा मला ओळखू आले नाहीत. रक्त कुठे दिसलेच नाही. स्पंज सगळे पिऊन टाकतो.

मग ते थांबले. दमले असतील, किंवा सांगितले तेवढे झाले असेल. बूट दाराकडे वळले. मला वाटले, मंडळी पुढचे विसरली.

मी कोरडा ठोका दिला.

बूट थांबले. कोणीतरी म्हणाले, “अजून पाहिजे म्हणतायत.” जाडा म्हणाला, “मग देऊ की.” आणि ते परत फिरले. पहिल्या फेऱ्यात डोक्यावर एकही फटका नव्हता, हे यजमान शपथेवर सांगतील. दुसऱ्या फेऱ्यात सगळे फटके डोक्यावर होते. प्रत्येकाला मी ठोका दिला.

जाताना जाड्याने यजमानांच्या हातातून फोन काढून घेतला, “छान झालं शूटिंग” म्हणाला, आणि शटर बाहेरून खाली ओढले. आम्हाला तेही त्यांनी पदरचे घातले असे वाटले, आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. चेंडू उठला नाही. मी पाणघोड्याचे डोके धरून वर ओढले, तर ते भिजलेल्या गोधडीसारखे जड होते आणि माझी बोटे जिथे रुतली तिथून लाल ओघळ खाली आले.

तेवढ्यात शटर वाजले. यजमानांनी ते वर केले तर बाहेर तीन माणसे उभी होती, काळे शर्ट, काखेत स्पंजाच्या नळ्या. पुढचा ओशाळून म्हणाला, “सॉरी हं, उशीर झाला. कोणाला मारायचंय?”

६. त्यानंतर मी आपल्या ठाण्यात आले. आपल्या अंमलदारांनी हकिगत ऐकून घेतली व ‘चित्रीकरण दाखवा’ असे सांगितले. फोन चोरीला गेला होता, पण भाग लोकांनी पाहिलेला असल्याने तो आमच्या पानावर असणार, म्हणून अंमलदारांच्या फोनवर उघडला. तिथे काळी चौकट होती आणि तिच्यात लिहिले होते की पाणघोड्याच्या मालकांच्या तक्रारीवरून हे चित्रीकरण काढून टाकण्यात आले आहे. म्हणजे माझ्या भावाची हाडे मोडल्याचा जो एकमेव पुरावा होता, तो कंपनीच्या मालकीचा निघाला, कारण हाडांवर निळे कापड होते.

कंपनीच्या वकिलांनी आपणास दिलेले उत्तर मी वाचले आहे. त्यात ते म्हणतात की तो सर्व प्रकार नाटक होता. तसे आधी जाहीर केले होते, प्रेक्षक हसत होते, फटक्यांचे आवाज चपलांचे होते आणि शेवटी घरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून मारहाणीचा गुन्हा होत नाही. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ते म्हणतात की ते नाटक त्यांच्या पाणघोड्याचे होते, म्हणून आमच्यावर गुन्हा होतो. चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, पण एकाच कागदावर सुलट्या आणि उलट्या दोन्ही प्रथमच पाहिल्या.

७. अंमलदार मला म्हणाले, “बाई, खोटा मार आणि खरा मार यात फरक काय, ते आम्हाला कसं कळावं?” मी म्हटले, दाखवते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली व गाल पुढे केला. मी हात जवळून नेला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर ठोका दिला. सगळे हसले. अंमलदार म्हणाले, “वा! आता खरी कशी असते?”

मी खरी दिली. त्यांची टोपी फायलींच्या कपाटापर्यंत गेली. ओठ फुटला, दात हलला असावा. महोदय, त्या थपडेला कोणी आवाज दिला नव्हता, लिखाण नव्हते, जाहिरात नव्हती, तरी ती खरी असल्याचे अंमलदारांना तात्काळ कळले. मला कोठडीत बसवण्यात आले व नंतर घरी पाठवण्यात आले. त्या थपडेचीही आपल्या ठाण्यात नोंद नाही. ओठ कशाने फुटला म्हणून बायकोला काय सांगायचे, असे अंमलदार शेजारच्याला विचारत होते. एकंदरीत आपल्या ठाण्यात खऱ्या माराची नोंद करण्याची पद्धतच नसावी, असे मला वाटू लागले आहे.

८. पुरावा म्हणून पाणघोड्याचे सोंग मी स्वतःच्या हाताने आपल्याकडे जमा केले होते. ते सुकून लाकडासारखे कडक झाले होते. आतला स्पंज मानेपासून कमरेपर्यंत तपकिरी होता आणि डोक्याच्या आत केस चिकटले होते. पुढच्या खेपेस विचारले तेव्हा कळले की मालकी हक्काच्या आदेशावरून ते कंपनीच्या ताब्यात देण्यात आले. मी आरडाओरडा केला, हे कबूल करते. त्यानंतर कंपनीने सोंग आपल्याकडे परत केले, ते मी आपल्या टेबलावर पाहिले. ते धुतलेले होते. सोबतच्या कागदावर लिहिले होते की आमचे बोधचिन्ह अस्वच्छ अवस्थेत सरकारी कार्यालयात राहणे प्रतिमेस बाधक असल्याने ते आमच्याच उत्पादनाने स्वच्छ करून सादर करीत आहोत.

मी स्पंज उलटा करून पाहिला. शिवण उसवून पाहिली. नाकाला लावला. फुलांचा वास येत होता. आम्ही एवढे भाग केले, गावभर सांगत सुटलो की या पावडरीने डाग जात नाहीत. साहेब, जातात.

९. आता चेंडूबद्दल. तो इस्पितळात आहे. उजव्या हातात सळ्या घातल्या आहेत, बरगड्यांची मोजदाद डॉक्टरांच्या दाखल्यात आहे, आणि एका कानाने त्याला ऐकू येत नाही. तो मला ओळखतो, भावोजींना ओळखतो. पण ते तिघे आले तो प्रसंग त्याच्या डोक्यातून पुसला गेला आहे. आपले अंमलदार त्याचा जबाब घ्यायला आले तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. त्यांनी विचारले, “तुला कोणी मारलं?” चेंडूच्या सुजलेल्या तोंडावर हसू आले. म्हणाला, “मस्त मारलं. कसा झाला भाग? लोक हसले का?” अंमलदारांनी पुन्हा विचारले, “म्हणजे नाटकच होतं ना ते?” तो म्हणाला, “मग काय! ताईचं टायमिंग बघा तुम्ही, ताईचं.”

तेवढेच लिहून घेऊन अंमलदार गेले. जखमीचा स्वतःचा जबाब झाल्याने प्रकरण बंद करण्याची शिफारस आहे, असे समजते. चेंडू मला रोज विचारतो, हसले का. मी सांगते, खूप हसले. ते खोटेही नाही.

१०. काल कंपनीचे वकील दुकानात आले. सभ्य गृहस्थ, बसायला दिलेले स्टूल त्यांनी आधी रुमालाने पुसले. त्यांनी एक कागद आणला होता. त्यात असे, की मी, ‘ध्वनी सहायक’ या नात्याने, सदर सर्व मारहाण अभिनयाचा भाग होती असे लिहून देते. मी सही केली की दावे मागे, नोटिसा मागे, आणि इस्पितळाचे सगळे कंपनी बघणार. यजमानांनी मला आतल्या खोलीत नेले. म्हणाले, “कर सही. तो स्वतःच म्हणतोय नाटक होतं, मग तुझं काय जातंय? उद्या ते माझ्याकडे येतील. माझी बोटं गेली तर आपण खायचं काय?” ते घाबरट नाहीत, महोदय. त्यांनी सगळे उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि त्यांना ते दिसले नाही. त्यानंतर माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. मी त्यांना दोष देत नाही.

मी कागद घेतला आणि वकिलांना म्हटले, उद्या देते. ते म्हणाले, “शहाण्या आहात.” त्या वेळी माझ्या हातात यजमानांची मोठी कात्री होती. ती मी खाली ठेवली, एवढेच आपणास कळवते. त्या जाड्या माणसाची हाडे एकेक करून मोडावीत, आणि त्या वेळी खोलीत दुसरा कुठलाही आवाज नसावा, असे मला दिवसातून पुष्कळदा वाटते. असे अर्जात लिहायचे नसते हे मला समजते. यजमानांनी वाचला असता तर खोडले असते, म्हणून अर्ज त्यांना दाखवलेला नाही.

११. रात्रभर विचार केला आणि एक गोष्ट लक्षात आली. चित्रीकरण त्यांचे, सोंग त्यांचे, रक्त त्यांनी धुतले, आणि जखमी माणूस त्यांच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे त्यांच्या मालकीची नसलेली एकच वस्तू उरली आहे. दुसऱ्या फेऱ्याच्या आधीचा तो कोरडा ठोका. तो पाणघोड्याने दिलेला नाही. त्यावर निळे कापड नव्हते. तो मी दिला, माझ्या हातांनी, आणि त्यावर तीन माणसे परत फिरून माझ्या भावाचे डोके फोडू लागली.

सबब अर्जाचा विषय मी येथे बदलत आहे. वरचा विषय खोडलेला समजावा. माझी आता अशी विनंती आहे की, या प्रकरणात पहिला आरोपी म्हणून माझे नाव लिहावे. मारहाणीस चिथावणी देणे, साथ देणे, आणि मारणारे निघून जात असता त्यांना परत बोलावणे, हे आरोप मला मान्य आहेत. वकील द्यावा लागणार नाही. मी कुठेही नाही म्हणणार नाही.

कंपनी म्हणते नाटक होते, तेव्हा तिच्या माणसांना आपण हात लावू शकत नाही. ठीक आहे. पण मी म्हणते गुन्हा झाला आणि तो मी केला. आरोपी स्वतः कबूल करीत असता गुन्हा झालाच नाही, असे आपण कुठल्या रकान्यात लिहिणार? आणि मी साथ दिली असेल, तर कोणाला तरी दिली असली पाहिजे. मग आपणास विचारावेच लागेल की ते तिघे कोण होते, त्यांना कोणी पाठवले, आणि त्यांच्या हातात काय होते. माझे नाव वर लिहा, खाली तीन जागा रिकाम्या सोडा. त्या भरेपर्यंत मी आत बसते. सगळी सोंगे आणता येतात, पण मोडलेल्या हाडाचे आणता येत नाही, आणि ते मोडताना मी हजर होते, हे सांगणारी साक्षीदार म्हणून मी नको असेन तर गुन्हेगार म्हणून तरी मला घ्या.

वकिलांच्या कागदावर मी सही केलेली नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हा अर्ज लिहिण्यास सुरुवात केली होती, परंतु कागद कंपनीचा असल्याने पुन्हा मालकीचा प्रश्न निघेल म्हणून शेवटी यजमानांच्या मापांच्या वहीतले कागद फाडून घेतले. अक्षर काही ठिकाणी खराब आले आहे. हाताला आता शांत राहायचे जमत नाही.

अर्जावर ‘करमणूक’ असा शेरा यापुढे कृपया मारू नये.

नम्रपणा शिल्लक आहे तोवर आपली,

(सही)
जखमीची थोरली बहीण, व या अर्जान्वये आरोपी क्रमांक एक

दिनांक : आपल्या कार्यालयाचा शिक्का पडेल तो. आज पडावा.

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला. वाचताना बसून वाचावा.
२) कंपनीच्या वकिलांचा कागद, सहीविना.
३) चपलेचे दोन तळवे.
४) आरोपी. बाहेरच्या बाकावर बसली आहे. अंमलदारांनी जवळ येण्यास हरकत नाही, आज ती कोणास मारणार नाही.